सायकलवरून उतरल्यावर इंग्लिश एल कशी चाखावी, कशी पारखावी

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरातून कालव्याच्या काठानं सायकल काढली की कर्कस्टॉलचा भग्न मठ मागे पडतो. मग शिपली, सॉल्टेअर, बिंग्लीला बोटी पायरीपायरीनं वर चढवणारे १७७४ सालचे पाच लॉक, पुढे कीथली आणि शेवटी स्किप्टन. साधारण ४५ ते ५० किलोमीटरची वाट, चढ नावालाच. ही माझी सगळ्यात आवडती वाट. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी इकडे आलेल्या कितीतरी जणांना मी या वाटेनं नेलंय. शेवटी पबात बसलो आणि पहिला घोट घेतला की जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "अगं, ही तर कोमट आहे, आणि गॅसही गेलाय."

तक्रार खरी वाटते, कारण आपली जीभ लागरवर, म्हणजे बर्फात बुडवलेल्या फसफसत्या बिअरवर वाढलेली असते. या लेखात मी पायरीपायरीनं सांगणार आहे की दिवसभराच्या सायकलीनंतर समोर आलेल्या एलचं, म्हणजे या इंग्लिश बिअरचं, काय करायचं, ती कशी चाखायची, आणि चांगली आहे की बिघडलेली हे कसं ठरवायचं.

आधी पिंपाची गोष्ट

पबच्या बारवर दोन तऱ्हेचे नळ असतात. आखूड, चकचकीत नळांतून गार, फसफसती बिअर येते. त्यांच्या शेजारी उंच दांड्याचे हँडपंप असतात. बारमागचा माणूस तो दांडा दोन-तीनदा स्वतःकडे ओढतो आणि तळघरातल्या पिंपातून बिअर वर चढते. गावच्या हापशाचंच तत्त्व. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानं अशा पंपाचं पेटंट १७९७ साली घेतलं होतं. आपल्याला हवी ती या दांड्यामागची बिअर. तिला कास्क एल किंवा रिअल एल म्हणतात.

ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, पिंप बाहेर पडतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं, आणि आंबण्याची क्रिया पबच्या तळघरातही थोडी चालू राहते. त्यातून जेवढा गॅस तयार होईल तेवढाच बिअरमध्ये असतो, बाहेरून भरलेला नसतो. लागरच्या मानानं तो निम्मा किंवा त्याहूनही कमी भरतो. एल ११ ते १३ अंशांवर देतात, म्हणजे फ्रिजच्या पाण्यापेक्षा कमी गार, पण माठातल्या पाण्यापेक्षा गारच. यामागे कारण आहे. अतिथंड पेयानं जीभ बधिर होते आणि वास वर येत नाहीत. या बिअरची सगळी खुमारी हळुवार वासांत असल्यामुळे ती बर्फाळ करून चालत नाही.

नेहमीचं पिंप ९ गॅलनचं. त्याला फर्किन म्हणतात आणि त्यात ७२ पाइंट मावतात. बिअर काढायला लागलं की तिच्या जागी आत हवा शिरते, आणि घड्याळ सुरू होतं. साधारण तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे, नाहीतर बिअर आधी मलूल होते आणि मग आंबते. विरजण कितीही चांगलं लागलेलं असो, दही उघड्यावर ठेवलं तर काय होतं हे आपल्याला सांगायला नको. म्हणून कास्क एल पारखताना तुम्ही दोघांचं काम तपासत असता, जिथे ती बनली त्या ब्रुअरीचं आणि जिथे ती सांभाळली गेली त्या तळघराचं. हा एक मुद्दा कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

१९७० च्या सुमारास ही बिअर नाहीशी व्हायच्या बेतात होती. मोठ्या कंपन्यांना गाळलेली, गॅस भरलेली, टिकाऊ बिअर विकणं सोयीचं होतं. १९७१ मध्ये चार तरुणांनी 'कॅम्पेन फॉर रिअल एल' सुरू केली. तिला सगळे कॅमरा म्हणतात. ग्राहकांनी एका चवीसाठी चालवलेली ती चळवळ आजही चालू आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बिअर नितळ करण्यासाठी पिंपात बऱ्याचदा आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून बनतं. आपल्याकडचे कोळी बांधव घोळ माशाचा जो फुगा मोठ्या भावानं विकतात, तसाच हा प्रकार. आयसिंग्लास यीस्टला धरून तळाशी बसतं, तरी ज्यांना ते चालत नाही त्यांनी बारवर सरळ विचारावं. 'व्हेगन' किंवा 'अनफाइन्ड' असं लिहिलेली एल आता पुष्कळ ठिकाणी मिळते.

उतरल्या उतरल्या पिऊ नका

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून इथे जरा थांबते.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाच्या दिवशी मी एका गावातल्या पबात पोचले, सायकल भिंतीला टेकवली आणि अर्धा पाइंट दोन घोटांत संपवला. इतकी चांगली बिअर आपण कधी प्यायलोच नाही असं वाटलं. दोन दिवसांनी मी मैत्रिणींना मुद्दाम गाडीनं तिथे घेऊन गेले. तीच बिअर, पण आता तिच्यात ओल्या पुठ्ठ्याची चव होती आणि मागून व्हिनेगरची झाक. पिंप दोन दिवसांनी जुनं झालं होतं हे खरं. पण पहिल्या दिवशीही ते ताजं नसावं, आणि मला कळलं नव्हतं. तहानलेल्या शरीराला काहीही गार आणि ओलं अमृत लागतं. तहान भागवायचा घोट वेगळा आणि पारखायचा घोट वेगळा, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पोचल्यावर आधी पाणी, तेही पोटभर. बारवर नळाचं पाणी मागा. दारू विकण्याचा परवाना असलेल्या पबांना ते फुकट द्यावं लागतं. मग हात साबणानं धुवा, कारण साखळीचं ग्रीस, हातमोज्यांचा घाम आणि सनस्क्रीन या तिन्हींचे वास ग्लासजवळ नाकात शिरतात. थंडीत सायकल चालवली असेल तर नाक वाहत असतं, ते नीट शिंकरून घ्या. वाटेत एनर्जी जेल किंवा चॉकलेट खाल्लं असेल तर जिभेवर गोडाचा थर बसलेला असतो, त्यासाठी चूळ भरा आणि कोऱ्या पावाचा तुकडा खा. खारे शेंगदाणे आणि कुरकुरीत चिप्स मात्र नंतर. मीठ कडवटपणा दाबतं, आणि बिटर नावाच्या एलची अर्धी ओळख तिच्या कडवटपणातच असते.

मग वीस मिनिटं नुसतं बसा. श्वास जागेवर आला, अंगातली धग उतरली, की मग उठा.

बारवर काय मागायचं

हँडपंपावर बिल्ला लावलेला असतो. त्यावर बिअरचं नाव आणि अल्कोहोलचं प्रमाण असतं. बिल्ला उलटा फिरवलेला असेल तर ते पिंप संपलं आहे असं समजायचं. पाट्या वाचण्यापेक्षा एक प्रश्न विचारा, "आज सगळ्यात जास्त कुठली जातेय?" जी भराभर खपते तिचं पिंप ताजं असतं. पंधरा हँडपंप आणि चार गिऱ्हाइकं असलेल्या पबापेक्षा तीन हँडपंप आणि भरलेल्या बाकांच्या पबावर माझा विश्वास जास्त. निवड होत नसेल तर चाखायला थेंबभर मागा, बहुतेक ठिकाणी आनंदानं देतात. यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्या या भागात, बारमागची बाई तुम्हाला 'लव्ह' म्हणाली तर बावरू नका, ती इथली साधी बोलण्याची पद्धत आहे.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पारखायला हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, पुरतो, आणि सायकलवाल्यांना तर हाफच योग्य. दोन-तीन चाखायच्या असतील तर हलकीपासून सुरुवात करा आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे जा.

प्रकारांत फार अडकू नका, सुरुवातीला एवढं पुरे. माइल्ड म्हणजे बहुधा गडद रंगाची, कमी कडू, ३ ते साडेतीन टक्क्यांच्या आसपासची. पूर्वी गिरणी आणि खाण कामगार पाळी सुटल्यावर ती पीत. बिटर हा इंग्लंडचा रोजचा प्रकार, त्यात साधी बिटर ३.८ टक्क्यांपर्यंत आणि बेस्ट बिटर त्याच्या वर साडेचारच्या आसपास. गोल्डन एल फिकट आणि उन्हाळी. पोर्टर आणि स्टाउट काळ्या, करपवलेल्या धान्याच्या. सायकलीनंतर मी साधी किंवा बेस्ट बिटर घेते.

पाहणं आणि हुंगणं

ग्लास खिडकीकडे धरा. कास्क बिटर नितळ असावी, पलीकडचा माणूस ओळखू यावा इतकी. गढूळ दिसली तर लगेच नाक मुरडू नका, काही बिअर मुद्दामच तशा ठेवतात. विचारलं की कळतं. पण बिल्ल्यावर तसं काही नसताना ताकासारखी दिसली, तर आतला गाळ बसायच्या आधीच पिंप उघडलं असावं किंवा तळाशी पोचलं असावं.

फेसाचं गणित प्रदेशानुसार बदलतं. यॉर्कशरमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची टोपी लावतात. तिला स्पार्कलर म्हणतात. त्यातून बिअर जोरात येते आणि वर दाट सायीसारखा फेस जमतो. दक्षिण इंग्लंडमध्ये ती टोपी बहुधा नसते, त्यामुळे लंडनच्या पाइंटवर पातळ फेस दिसला तर तो दोष नव्हे. टोपीमुळे बिअर मऊ लागते आणि थोडा गॅस फेसात निघून जातो. मला बिटर टोपीसकट आवडते. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची एक वर्तुळाकार रेघ मागे राहते.

आता वास. ग्लास तळव्यात धरून किंचित फिरवा आणि दोन-तीन आखूड श्वास घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लवकर थकतं. इथे नवखी माणसं गप्प होतात, कारण इंग्रज चाखणारे जे शब्द वापरतात त्या वस्तू आपण खाल्लेल्याच नसतात. त्या शब्दांची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात पुरेसे वास आहेत.

मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट, नाचणीचं सत्त्व करताना करतो तसंच. त्याचा वास भाजलेल्या कणकेचा, नानकटाईचा, खारीचा. थोडं जास्त भाजलेलं क्रिस्टल माल्ट असेल तर चिक्कीचा पाक आणि काकवी. आणखी गडद असेल तर खरपूस फुटाणे, कोको, काळ्या मनुका. हॉप्स म्हणजे वेलीवरची फुलं. फगल नावाच्या जुन्या इंग्लिश हॉप्सला ओल्या मातीचा, चहाच्या पत्तीचा वास येतो. गोल्डिंग जास्त नाजूक, तिच्यात मध आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा. आणि इंग्लिश यीस्ट स्वतःच फळांचा वास देतं, पिकल्या नासपतीचा किंवा केळ्याची हलकी झाक. जे सुचेल ते मराठीत वहीत लिहा. मी तर एकदा 'आजीच्या लाकडी कपाटातला खण' असं लिहिलं होतं, आणि आजही ते वाचलं की ती बिअर आठवते.

घोट

पहिला घोट तोंड ओलं करण्यापुरता, त्यावर मत बनवू नका. दुसरा मोठा घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, एल मात्र गिळायलाच हवी, कारण कडवटपणा मागून येतो आणि तो घशाशी खरा कळतो. गिळल्यावर अर्धा मिनिट काही बोलू नका. गोडवा आधी जातो. मग कडू चव चढते आणि हळूहळू उतरते. ती मेथीदाण्यासारखी स्वच्छ उतरली तर उत्तम. जीभ खरवडल्यासारखी झाली, औषधासारखी चिकटून राहिली, तर काहीतरी चुकलंय. आणि शेवटी स्वतःला विचारा, पुढचा घोट घ्यावासा वाटतोय का? चांगल्या बिटरची ही सगळ्यात खरी परीक्षा.

एक उदाहरण देते. कीथलीच्या टिमथी टेलर ब्रुअरीची लँडलॉर्ड, कास्कमध्ये ४.३ टक्के. ब्रुअरी १८५८ सालची, पाणी स्वतःच्या नोल झऱ्याचं, जव गोल्डन प्रॉमिस जातीचे. कॅमराचा ब्रिटनमधल्या सर्वोत्तम बिअरचा किताब तिला चार वेळा मिळालाय. वासात मला आधी संत्र्याची साल येते, मग कोरडं गवत, त्याखाली बिस्कीट. घोटात गोडवा येतो-न येतो तोच कडवटपणा त्याला कवेत घेतो, आणि शेवट कोरडा. पण हीच लँडलॉर्ड तळघरात पुरेसे दिवस न ठेवता घाईनं उघडली तर कच्ची, कडक लागते. तिला मुरायला वेळ लागतो. याच घरची बोल्टमेकर २०१४ मध्ये त्याच किताबाची मानकरी झाली. मला ती लँडलॉर्डपेक्षा थोडी साधी आणि म्हणून सायकलीनंतर जास्त जवळची वाटते.

ग्लास अर्धा झाला की दहा मिनिटं थांबून पुन्हा चाखा. बिअरचा थंडावा थोडा गेलेला असतो, आणि लपलेलं सगळं वर येतं. चांगली एल इथे जास्त बोलकी होते, बिघडलेली इथे उघडी पडते.

बिघाड ओळखणं

आंबटपणा सगळ्यात नेहमीचा. ताकासारखा मऊ नव्हे, व्हिनेगरसारखा नाकात जाणारा. म्हणजे पिंप फार दिवस उघडं राहिलं. ओला पुठ्ठा किंवा जुन्या वहीचा कुबट वास म्हणजे हवेनं शिळी झालेली. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास डायअ‍ॅसिटिल नावाच्या पदार्थाचा. काही इंग्लिश बिअरमध्ये त्याची हलकी झाक खपवून घेतात, पण जीभ तुपकट झाली तर दोष. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर बहुधा कच्ची आहे. उकडलेला कोबी किंवा मका, आणि दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा वास, हे दोन्ही एलमध्ये नकोत.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं, आणि तिथल्या बिअरला, उदाहरणार्थ मार्स्टन्स पेडिग्रीला, नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा गंधकी वास येतो. तिथले लोक त्यावर प्रेम करतात. तो बिघाड समजून परत करू नका.

खरंच बिघडलेली असेल तर परत करा. आपल्याला संकोच वाटतो, परक्या देशात तर जास्तच. पण दोन घोटांनंतर ग्लास बारवर नेऊन शांतपणे म्हणा, "ही जरा आंबल्यासारखी वाटते, बघता का?" चांगला पबवाला स्वतः चाखतो आणि बदलून देतो. अर्धा ग्लास संपवून मात्र जाऊ नका. आणि 'मला आवडली नाही' हे परत करण्याचं कारण नाही.

गुण देणं

कॅमराची पद्धत सोपी आहे, ० ते ५. ० म्हणजे पिण्यालायक नाही, १ वाईट, २ ठीक, ३ चांगली, ४ फार चांगली, ५ म्हणजे याहून चांगली कल्पनेत नाही. अर्धे गुणही देता येतात. हे गुण बिअर कशी राखली आहे याचे असतात, तुमच्या आवडीचे नव्हेत. मला धुरकट पोर्टर आवडत नाही, तरी ती नितळ, ताजी, सुरेख राखलेली असेल तर मी तिला ४ देते. हात थोडा आखडता ठेवा. माझ्या वहीत ३ आणि साडेतीन सगळ्यात जास्त आहेत, आणि ५ अगदी मोजके. गुणांशेजारी तारीख, वेळ, पबचं नाव आणि त्या दिवशी किती किलोमीटर सायकल झाली तेही लिहा. पन्नास किलोमीटरनंतर दिलेले ४ गुण आणि रविवारी दुपारी आरामात दिलेले ४ गुण यांत फरक असतो, आणि तो काही महिन्यांनी वही चाळताना दिसतो.

परतीची वाट

चाखणं सायकलीच्या शेवटी ठेवायचं, मध्ये नाही. दारूच्या अमलाखाली रस्त्यावर सायकल चालवणं हा ब्रिटनमध्ये १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कालव्याकाठी तर एक हिसका बसला की माणूस पाण्यात. ४.३ टक्क्यांचा एक हाफ म्हणजे सुमारे १.२ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल), आणि इथला आरोग्यविभाग आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नका म्हणतो. मी स्टेशनाजवळचा पब निवडते. स्किप्टन आणि कीथली दोन्हीकडून लीड्सला थेट गाडी आहे. गाडीत सायकलींना जागा मोजकी असते, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीची वेळ टाळा.

वाटेवर सॉल्टेअर लागतं. सर टायटस सॉल्ट यांनी आपल्या गिरणी कामगारांसाठी ते वसवलं आणि गावात पब होऊ दिला नाही. तिथे पाण्याची बाटली भरून घ्या. आणि यॉर्कशरमध्ये जुन्या सराईच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची पाटी दिसली तर सायकल थांबवून जरूर पाहा. १८७८ साली हॅरोगेटला स्थापन झालेल्या सायकल प्रवाशांच्या क्लबचं ते चिन्ह आहे. सायकलवाल्यांना इथे चांगली सोय मिळेल, अशी खूण म्हणून ती पाटी लावत.

पहिल्या फेरीत एकच बिअर घ्या आणि लिहा. पुढच्या शनिवारी तीच बिअर दुसऱ्या पबात, शक्यतो त्याच वेळी, तेवढीच सायकल चालवून घ्या. दोन्ही पानं शेजारी ठेवलीत की ब्रुअरीचं काय आणि तळघराचं काय, हे तुमचं तुम्हालाच वेगळं काढता येईल.